सांगते त्याच्या उलटं
डांबराचा वास आला की उजनी धरणाचा काठ आठवतो. बायकोनं आन मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे नवी होडी पाण्यात सोडणं. घरच्या गाडीमागं ट्रॉलीवर डांबर फासलेली होडी बांधून आणली, पण गाडी मागं घेतली की ट्रॉली वाकडीच जायची. काठावरचे मासेवाले हसत होते. गुडघाभर पाण्यातनं ही वरडली, "अवं, जन्मभर मी सांगते त्याच्या उलटं करता, आता बी तसंच करा! डावीकडं!" मी स्टेअरिंग उजवीकडं फिरवलं, होडी सरळ पाण्यात. मासेवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. सांजच्याला होडी परत घरी आणली. आठवड्यातच बायको वारली. राख सावडल्यावर पोरगा म्हणाला, "आबा, राख धरणात सोडायला होडी लागंल, ती उतरवायला माणूस बोलवू." म्हणलं, "न्हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी राखेचं मडकं शेजारच्या सीटवर ठेवलं, काठावर मीच "डावीकडं!" वरडलो, उजवीकडं फिरवलं, आन एका दमात होडी उतरवली.