संकष्टीला हरणाचा खिमा

"तू फक्त तुझा मसाला घाल, बाकी सगळं ग्रँड होईल," असं ऑफिसातला आयरिश डेक्लन म्हणाला आणि मी दिनदर्शिका न बघताच हो म्हणून बसले. शनिवारी नेमकी संकष्टी निघाली!

डेक्लन परवानाधारक शिकारी. विकलोच्या डोंगरात हरणं बेसुमार वाढलीत, कोवळी झाडं फस्त करतात, म्हणून हिवाळ्यात शिकार चालते. घरच्या फ्रीझरमध्ये मावत नाही ते मांस तो रीतसर तपासून, खिमा करून डंडॉकच्या एका मोफत जेवणघराला देतो. पण हरीण म्हटलं की तिथली मंडळी नाक मुरडायची. मागच्या वेळी अर्धं पातेलं उरलं. "याही वेळी उरलं तर पुन्हा आणू नकोस," असं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मोरीनने त्याला बजावलं होतं. मारलेला जीव कचऱ्यात जावा, हे त्याला सहन होत नव्हतं. म्हणून मग कोल्हापूरची मी.

सिटीवेस्टच्या माझ्या घरून सकाळी आठला निघालो. डंडॉक सव्वा तासावर. गाडीने जाणार असाल तर एक लक्षात ठेवा: एम-फिफ्टी महामार्गावर टोलनाका दिसत नाही, पण टोल लागतो. दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत ऑनलाइन भरा, नाहीतर दंड. वाटेत पंपावर डेक्लनने सॉसेज रोल हाणला, मी काळ्या कॉफीवर भागवलं.

कांदा-लसूण मसाल्याचा डबा उघडला तशी मोरीन दोनदा शिंकली. चाळीस माणसांचा खिमा! उपासामुळे चव घेता येईना, म्हणून मीठ अंदाजाने घातलं. मी कोथिंबीर चिरायला वळले तेवढ्यात मोरीननेही घातलं, चांगलं सढळ हाताने. डेक्लनने चमचा तोंडात घातला आणि त्याचा चेहराच उतरला.

"हा तर समुद्र आहे!"

पण इथल्या स्वयंपाकघरात बटाट्यांना तोटा नाही. तिघांनी भराभर पोतंभर सोलले, बारीक चिरून उकडले आणि पातेल्यात लोटले.

साडेबाराला दार उघडलं. टोपीवाल्या एका आजोबांनी विचारलं, "काय आहे?"

"हरीण," मोरीनने खरं ते सांगितलं.

आजोबांनी एक घास खाल्ला. नाक पुसलं. ताट पुढे केलं. "पोरी, अजून वाढ." मग कुणी काही विचारलंच नाही. डेक्लन रांगेत शेवटी उभा राहिला होता, आणि त्याच्यापाशी येईपर्यंत पातेलं खडखडीत! "पुढच्या वेळी दुप्पट आण," मोरीन म्हणाली. गडी उपाशीपोटी, पण घरापर्यंत शीळ घालत आला. मला इतका आनंद झाला की डोळेच भरून आले.

डंडॉकला बघण्यासारखं काय आहे, ते मला विचारू नका. मी एक रिकामं पातेलं बघून आले. संकष्टीला मांस शिजवलं म्हणून आई रागावेल, या धास्तीने रविवारी भीत भीत फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"चाळीस माणसं जेवली न्हवं? आन् ज्यानं आणलं त्योच उपाशी?" ती म्हणाली. "मग त्यालाबी संकष्टी घडली म्हण की!"