माणसाएवढं वजन

सासूबाई पहिल्यांदा बाथरूममध्ये घसरल्या तेव्हा ती घरातच होती, आणि तिला लागून राहिलं ते हेच. भांडी घासता घासता आवाज आला म्हणून ती साबणाच्या हातांनी तशीच धावली. काखेत हात घालून त्यांना उठवायला गेली, तर उठवता येईना. आधीच्या एका झटक्यानं सासूबाईंची डावी बाजू गेली होती. एरवी चिमणीएवढ्या दिसणाऱ्या त्या बाईचं अंग असं काही जड झालं होतं की ती दोनदा स्वतःच त्यांच्याबरोबर खाली बसली. मग दोघी ओल्या फरशीवर तशाच बसून राहिल्या. नवरा ट्रक घेऊन कुठे लांब गेलेला, लेक शाळेत. शेवटी तिनं त्यांच्या अंगावर टॉवेल टाकला आणि कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला हाक मारून आणलं. त्या भल्या माणसानं मान दुसरीकडे वळवून त्यांना उचललं, पलंगावर ठेवलं आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेला.

सासूबाई दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. संध्याकाळी एवढंच बोलल्या, "परत परक्या माणसाला बोलावू नकोस. तशीच पडू दे मला."

ती पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. दुकानाच्या वरच जिम होतं. मशीन चालवताना डोक्यावर धप् धप् आवाज यायचे, कधी छताचा चुना कापडावर पडायचा आणि ती वर बघून दोन शिव्या हासडायची. त्या आठवड्यात एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ती जिना चढून वर गेली. शिकवणाऱ्या बाईला सगळे कोच म्हणायचे. कोचनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"वजन कमी करायचंय?"

"नाही. उचलायचंय."

"केवढं?"

"माणसाएवढं."

कोच हसली नाही. तिनं आधी वाकायचं कसं ते शिकवलं, गुडघ्यात, कमरेत नाही. नुसती काठी हातात देऊन आठवडाभर तेच करून घेतलं.

घरात मात्र सगळं तारेवरची कसरत होऊन बसलं. सकाळी उठून आधी सासूबाईंचं अंग पुसणं, मग लेकीचा डबा, मग ढब्बूला फिरवणं. ढब्बू म्हणजे नवऱ्यानं कुठल्याशा ढाब्यावरून उचलून आणलेलं कुत्रं. आणलं तेव्हा मुठीत मावत होतं. आता म्हातारं होऊन चांगलं दांडगं झालं होतं आणि मागचे पाय साथ देत नव्हते. नवरा लाडानं घेऊन आला खरा, पण निस्तरणं तिच्या वाट्याला आलं. जिमचे कपडे घालूनच ती ढब्बूला फिरवायची, त्याला घरी सोडायची, सासूबाईंना सांगून जिमला जायची आणि तिथून थेट खाली मशीनवर. कपडे वाळत घालायचे राहिले की ते रात्रीपर्यंत बादलीतच आंबायचे.

सासूबाईंना पहिल्यांदा ही थेरं वाटली. "या वयात पैलवान होणार का आमच्या सूनबाई?" पण एक दिवस तिनं त्यांना पलंगावरून उचललं, वळली, आणि न हिसडता खुर्चीत ठेवलं. सासूबाईंनी चांगल्या हातानं खुर्चीची कड चाचपली. मग म्हणाल्या, "बाई गं. लहानपणानंतर असं कोणी उचललंच नव्हतं मला." आणि तोंडावर पदर घेतला. हसतात की रडतात ते तिला कळलं नाही.

त्यानंतर त्यांच्यात एक नवंच नातं सुरू झालं. दुपारी ती जेवायला घरी आली की सासूबाई विचारायच्या, "आज काय उचललंस?" आणि ढब्बूला सांगायच्या, "बघ रे मेल्या, शीक काहीतरी. तुला स्वतःचं बूड उचलत नाही." ढब्बू त्यांच्या चांगल्या हाताखाली डोकं घालून पडून असायचा. नवऱ्यापेक्षा, लेकीपेक्षा, तो त्या हाताचा होता.

नणंदेला हे सगळं पटत नव्हतं. ती दुसऱ्या गावी राहायची आणि फोनवरून घर चालवायची. "अंथरुणाला खिळलेलं माणूस घरात, त्यात ते कुत्रं कशाला? त्याला सोडून या कुठेतरी." आणि जिमचं कळल्यावर तर, "आईला एकटं टाकून तू नटायला जातेस?" नटायला हा शब्द तिला बरेच दिवस टोचत राहिला.

मग ती सकाळ आली. ढब्बूला घेऊन ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि तो रस्त्यात बसला. उठेचना. हाका मारून झाल्या, पट्टा ओढून झाला, शेजारून गाड्या हॉर्न वाजवत जात होत्या. सायकलवाला दुकान उघडता उघडता म्हणाला, "वहिनी, त्याला त्रास होतोय, ओढू नका." तिनं गुडघ्यात वाकून त्याला छातीशी घेतलं आणि उचललं. एवढं धूड घेऊन ती हळूहळू, थांबत थांबत घरी आली. दारातूनच हाक मारली, "आई, आलो गं आम्ही." उत्तर आलं नाही.

सासूबाई खिडकीपाशी जमिनीवर होत्या. इतका उशीर का झाला ते बघायला पलंगाचा कठडा धरून उठल्या होत्या. पाय विचित्र वळला होता. तिला पाहून त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "ढब्बू आला का?"

खुब्याचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलात कपडे बदलायला वेळ कुणाला होता? दुपारी नणंद आली तेव्हा ती त्याच ट्रॅकपँटमध्ये, त्याच घामेजलेल्या टी-शर्टात पलंगाशेजारच्या बाकावर बसली होती. नणंदेनं पाहिलं आणि तिच्या मनात सगळं ठरून गेलं.

"गेली होतीस ना? आईला टाकून गेली होतीस ना जिमला?"

ती बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात पलंगावरून सासूबाईंनी तिचं मनगट पकडलं. त्या हातात कुठून एवढी ताकद आली होती कोण जाणे. नणंद डॉक्टरांना शोधायला बाहेर गेली, तेव्हा त्या कुजबुजल्या, "ढब्बूचं नाव घेऊ नकोस. आजच्या आज घराबाहेर काढेल त्याला. तुझं ती काय करणार? बोलेल आणि गप्प बसेल."

ती गप्प राहिली. नणंद मात्र गप्प बसली नाही. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिली. नवरा येऊन आईला बघून गेला, मग वाटेतून त्याचा फोन आला. "बंद कर आता ते जिमबिम," एवढंच. तिनं बंद केलं. कोच एकदा दुकानात येऊन गेली, पडद्याचं कापड बघायचं निमित्त करून. "जागा ठेवलीये तुझी," म्हणाली. तिनं मान खाली घालून चुण्या घालणं चालू ठेवलं.

सासूबाई घरी आल्या त्या उठायचं सोडूनच. ती पाण्याचे कॅन उचलून व्यायाम करायची, त्यांच्या पलंगाशेजारीच. "पुरे गं," त्या म्हणायच्या, "आता माझ्यात उचलण्यासारखं राहिलंय काय?" आणि खरंच राहिलं नव्हतं. खायच्या नाहीत. कूस बदलताना तिला जाणवायचं की हाताला अंग लागतच नाही, नुसतं पांघरूण लागतं. ज्या वजनासाठी तिनं एवढी धडपड केली, ते तिच्या हातांतल्या हातांत उतरत चाललं होतं, आणि त्यावर कुठल्याच कोचकडे काही नव्हतं.

एका दुपारी ती दुकानातून आली तेव्हा ढब्बू पलंगाखाली होता आणि सासूबाईंचा हात खाली लोंबकळत होता. गार.

लोक आले, बसले, गेले. नणंद सगळ्यांसमोर रडली. "माझी आई एकटी पडली हो, घरात सून असून एकटी पडली." ती आत चहाचे कप विसळत होती. ते वाक्य तिनं त्या दिवसांत इतक्यांदा ऐकलं की पुढे कोणता शब्द येणार ते तिला पाठ झालं.

नणंद गेल्यावर नवरा आणि ती दोघंच उरली. तिला वाटलं, आता सांगायला हरकत नाही. ज्यांनी शब्द घेतला त्याच गेल्या. चहा पुढे ठेवून तिनं सांगायला सुरुवात केली, "त्या दिवशी मी जिमला गेलेच नव्हते. ढब्बू रस्त्यात..."

"माहितीये," तो म्हणाला.

तिनं हातातली बशी खाली ठेवली.

"सायकलवाल्यानं सांगितलं होतं मला. तेव्हाच, आलो होतो तेव्हा." त्यानं चहा फुंकला. "ताईशी कोण तोंड लावणार? कोणावर तरी राग काढायचा होता तिला. आणि तूही काही बोलली नाहीस, म्हटलं चाललंय ते चालू दे."

"आणि जिम बंद कर म्हणालात ते?"

"अगं, घरात शांतता राहावी म्हणून."

त्यानं चहा संपवला आणि कप तिथेच ठेवून बाहेर गेला.

दोन दिवसांनी तो गाडी घेऊन निघाला. दारातून "येतो गं" म्हणाला. ती आतल्या खोलीत सासूबाईंच्या गादीची खोळ काढत होती. तिला ऐकू आलं, पण तिनं उत्तर दिलं नाही. गाडीचा आवाज गल्लीबाहेर गेला तशी तिनं गादी गुंडाळली, लोखंडी पलंग एकटीनं ओढत नेऊन भिंतीला उभा केला आणि त्याखालची धूळ झाडायला घेतली.

लेक दप्तर घेऊन दारात आली आणि थबकली. "आई, बाबांशी भांडलीस?"

"नाही," ती म्हणाली. "भांडले असते तर बरं झालं असतं."

लेकीला काही कळलं नाही. तिनं ढब्बूच्या गळ्यात पट्टा घातला. तो उठला नाही, म्हणून लेकही त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहिली.