रिकाम्या सीटसमोरची दांडी

माझ्या जुन्या गाडीचा वायपर विजेवर नाही, इंजिनाच्या ओढीवर चालतो. इंजिन हवा आत ओढतं, ती ओढ एका रबरी नळीतून वायपरपर्यंत पोचते आणि वायपर हलतो. चढावर पाय दाबून गाडी चालवली की ओढ कमी पडते आणि ऐन पावसात वायपर काचेच्या मधोमध ठाण मांडून बसतो. उताराला मात्र नको तेवढा नाचतो. गाडी वडिलांची, म्हणून हे नखरे मी मुकाट सोसले.

म्हणजे सोसले बायकोने. डाव्या सीटसमोर, काचेच्या वर, वायपरला जोडलेली छोटी दांडी आहे. वायपर अडला की ती हाताने इकडून तिकडे हलवायची. तळेऱ्याच्या वाटेवरच्या चढाला हे काम तिचं. पायथ्याशी आलो की ती देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घालायची, "बा देवा म्हाराजा, ह्या म्हाताऱ्या वायपराक आज तरी चढ चढान जावंदे रे म्हाराजा!" मी "व्हय म्हाराजा!" म्हटल्याशिवाय दांडीला हात लावायची नाही.

ती गेल्यापासूनचा हा दुसरा पावसाळा. बाजार, दवाखाना सगळं तळेऱ्याला, आणि परवा चढावर वायपर बंद पडला. दांडीपर्यंत हात पुरेना. गाडी कडेला लावून पाऊस ओसरायची वाट बघत बसलो, तेवढ्यात पुण्याहून मुलीचा फोन आला. सगळं ऐकून म्हणाली, "बाबा, पावसात गाडी एकट्याने चालवता येत नसेल तर सामान बांधा आणि इकडे या." मी चिडलो. पण ती चुकीचं बोलत नव्हती. मला घर सोडायचं नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडलं. नळी इंजिनाजवळ सोडवून इंजिन चालू केलं आणि इंजिनाकडच्या तोंडावर अंगठा ठेवला, तर अंगठा चांगला ओढला गेला. मग ती तिथे बसवून वायपरकडचं टोक सोडवलं. तिथे ओढ जेमतेम. म्हणजे मधेच कुठेतरी चोरी होत होती. डॅशबोर्डमागच्या वळणात नळीला भेगा पडल्या होत्या. दुकानातून नवीन नळी आणली, ती इतकी मऊ की इंजिनाने ओढताच चपटी झाली. शेवटी आंब्याच्या फवारणीच्या पंपाचा जाड पाइप कापला आणि दोन्ही तोंडं क्लिपांनी आवळली. वायपर टकाटक हलू लागला. दाखवायला घरात कोणी नव्हतं.

आज मुसळधार पावसात चढाच्या पायथ्याशी आलो आणि सवयीने थांबलो. गाऱ्हाणं घालणारी नव्हती. तरी मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि चढ घेतला. वायपर रेंगाळला, पण थांबला नाही. डाव्या सीटसमोर दांडी इकडून तिकडे हलत होती. त्या चढावर ती आपली आपण हलताना मी पहिल्यांदाच पाहिली.

वर पोचून मुलीला फोन लावला.

"गाडी झाली. एकट्याला जमतं."

"नक्की?"

"नक्की."

"मग राहा तिथेच. मी आता काही म्हणणार नाही."

हवं होतं ते मिळालं होतं. फोन ठेवला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो. त्या गाडीत बायकोसाठी आता काहीच काम उरलं नव्हतं.