गप्प राहण्याचं शिक्षण

दिग्रसहून पुण्याला निघाले त्या दुपारी भाऊनं कंडक्टरला सांगितलं, "हिले समोर बसवा, डायवरले झोप लागू देनार नाही." अख्खी एस.टी. हसली आणि मी खिडकीतून त्याच्या डोक्यात टपली मारली. भाऊ म्हणजे माझा मोठा भाऊ, सूतगिरणीत कारकून. बाबा गेल्यावर त्याच्याच पगारावर मी सायकॉलॉजीत एम.ए. केलं होतं. आता पुण्यातल्या एका हॉस्पिटलात क्लिनिकलचं दोन वर्षांचं ट्रेनिंग मिळालं होतं. "लोकाइसंग बोलाचं शिक्षन हाय, आपली शोभी पह्यली येते," असं तो गावभर सांगत सुटला होता. आईनं मात्र डबा हातात देताना एवढंच बजावलं, "तिकडं तोंडाले आवर घालजो."

मी बडबडी, हे काही नवीन नव्हतं. आमच्या घरात दुःखावर तोच एक इलाज होता. बाबा गेले तेव्हा भाऊ दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मी ताट घेऊन त्याच्यासमोर बसले आणि गल्लीतल्या झाडून सगळ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत राहिले. कोणाची सून रुसली, कोणाची म्हैस कोणाच्या अंगणात शिरली, काहीही. शेवटी वैतागून तो म्हणाला, "गप बस, जेवतो मी." आणि जेवला.

पुण्यात स्वारगेटला उतरले, हडपसरला दोन मुलींबरोबर एक खोली घेतली आणि कामाला लागले. दर गुरुवारी सुपरव्हिजन असे. पेशंट काय म्हणाला आणि आपण काय म्हणालो ते शब्दन् शब्द लिहून न्यायचं, आणि आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम पेन्सिल घेऊन ओळीओळीवर विचारणार, "हे का बोललात?" माझा पहिला कागद वाचून त्या म्हणाल्या, "छान बोललात तुम्ही. पेशंटला उगाच बोलावलं आपण." बाकीचे दोघे ट्रेनी खाली मान घालून हसले. मला रडू फुटलं, पण बाई खोटं बोलत नव्हत्या. माझी सहा पानं होती आणि पेशंटच्या वाट्याला त्यातलं अर्धं पान आलं होतं.

मग मी गप्प राहायला शिकले. शिकले म्हणजे अक्षरशः जीभ दाताखाली धरून. मनात आकडे मोजायचे आणि समोरच्याला वेळ द्यायचा. तेव्हा हिंजवडीच्या कंपन्यांतली पोरं यायला लागली होती, गळ्यात आयकार्ड, तोंडात इंग्रजी, आणि छातीत धडधड. त्यातला एक चार वेळा येऊन फक्त हवापाण्याचं बोलून गेला. पाचव्या वेळी मी काहीच बोलले नाही. बराच वेळ गेला, आणि तो हुंदके देऊन रडला, मग बोलतच राहिला. तो कागद वाचून मॅडमनी पेन्सिल ठेवली. म्हणाल्या, "आता तुम्हाला ऐकू यायला लागलं." इतका आनंद मला कुठल्याच निकालाचा झाला नव्हता.

त्याच सुमारास तिकडे सूतगिरणी बंद पडली. पुण्यात रोज नवी कंपनी उघडत होती आणि आमच्याकडे होती तेवढी एक गेली. भाऊनं ते सहज सांगावं तसं सांगितलं, मीही सहज ऐकलं. मग एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, आणि तो म्हणाला, "मले सकाळी उठू नाही वाटत, शोभे. उठून करू काय?"

हे वाक्य मी ओपीडीत रोज ऐकत होते. त्यावर काय करायचं ते मला पाठ होतं. मी गप्प राहिले.

"हाय का तू?" त्यानं विचारलं.

"आहे. ऐकतेय मी."

"बोल ना मंग काही."

"तू सांग ना. तुला काय काय वाटतं ते सांग." आणि पुन्हा गप्प. मनात आकडे चालू होते. सत्ताविसावर तो म्हणाला, "काही नाही. ठेवतो. आईले सांगतो तू खुशाल हाय म्हून."

मला तेव्हासुद्धा कळलं नाही. उलट मी बसून तो फोन लिहून काढला. भाऊ, मी, भाऊ, मी, मध्ये कंसात 'शांतता'. आणि गुरुवारी तो कागद मॅडमपुढे ठेवला. मनातून शाबासकीची वाट पाहत होते, हे आज लिहितानाही लाज वाटते. त्यांनी दोनदा वाचलं. पेन्सिल उचललीच नाही. "अहो, हा कागद इथे का आणलात? तुम्ही गाडीत बसायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या.

मी गाडीत बसले नाही. पोस्टिंग होतं, परीक्षा तोंडावर होती, रजा मिळाली नसती. कारणं सगळी खरी होती. दिवाळीला गेले तेव्हा भाऊ भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि आईनं कुणालाही घरात बोलावणं बंद केलं होतं. मी ताट घेऊन त्याच्याजवळ बसले. सुनांचं, म्हशींचं, जमेल ते बोलायला लागले. पण मला गल्लीतलं काहीच ठाऊक राहिलं नव्हतं. बोलता बोलता मी त्याचा चेहरा वाचत होते, झोप किती, भूक किती, टिपून घेत होते. त्याला ते कळलं. "राहू दे, शोभे," तो म्हणाला. "तू मनानं नाही बोलून रायली."

यवतमाळला नेलं, गोळ्या सुरू केल्या. तो घेतो, सोडतो. पुण्याला यायला तयार नाही. मधल्या वर्षांत आईही वारली. मी आता बाणेरला राहते, गुरुवारी माझ्याकडे ट्रेनी येतात आणि मी पेन्सिल घेऊन विचारते, "हे का बोललात?" शिकवते ते चूक नाही. भाऊनं मात्र त्या रविवारी डॉक्टरला फोन केला नव्हता, बहिणीला केला होता, आणि बहीण तेव्हा घरी नव्हती. माझ्यासारखे जे इकडे शिकायला आलेत, त्यांना हे सांगून उपयोग होईल असंही मला वाटत नाही. मलाही कुणी सांगितलं असतं तर मी लिहूनच घेतलं असतं.

दर रविवारी मी त्याला फोन करते. तो उचलतो, "हाव, बोल" म्हणतो, मग मी वीस मिनिटं बोलत राहते. तो ऐकतो, असं मी धरून चालले होते. गेल्या महिन्यात त्याला पोळ्या करून देणाऱ्या शेजारच्या मालूकाकूंनी न राहवून सांगितलं. तो फोन उचलतो, स्पीकर लावून खाटेवर ठेवतो आणि उठून अंगणात जाऊन बसतो. आवाज थांबला की आत येतो.

हे कळल्यावरही मी रविवारी फोन लावला. वीस मिनिटं त्या रिकाम्या खोलीशी बोलले. घर म्हणून मला आता तेवढीच खोली उरली आहे, आणि तिथे माझा आवाज थांबायची वाट पाहिली जाते.