पाठमोरी गायिका

अमेरिकेतल्या चँडलर गावच्या नीना साठेचा पहिला आल्बम आला, तेव्हा तिच्या आईनं, वीणानं, फोनवर कव्हर बघून विचारलं, "तोंड कुठाय तुझं?"

कव्हरवर नीना पाठमोरी उभी होती. डोक्यावर हॅट, समोर वाळवंट. खाली नाव छापलेलं, नीना सेज.

"आई, इट्स जस्ट मार्केटिंग. मिस्टरी ठेवतात."

"मिस्टरी कसली? सावळं तोंड दिसू नये म्हणून लपवतायत ते तुला."

नीना जन्मली, वाढली चँडलरमध्येच. वडील अनिल चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. शाळेच्या बसमध्ये ड्रायव्हरबाई रेडिओवर कंट्री, म्हणजे तिकडच्या गोऱ्या गावकऱ्यांची गाणी, लावायच्या, ती पोरीच्या कानात घर करून बसली. पुढे ती घोड्यांच्या दवाखान्यात मदतनीस झाली आणि शनिवारी एका स्टेकहाउस रेस्टॉरंटमध्ये गिटार घेऊन गाऊ लागली. आजारी घोडी, तिला विकायचं की नाही यावरून भांडणारं जोडपं, पाण्याविना करपलेलं कुरण, असली तिची गाणी. तिथंच कोल्टन नावाच्या संगीत-निर्मात्यानं तिला ऐकलं.

आल्बम जोरात चालला. एकदा पेट्रोल भरताना शेजारच्या ट्रकमधून तिचाच आवाज आला. ट्रकवाला गुणगुणत होता. 'मीच ती,' असं सांगायला ती दोन पावलं पुढे गेली आणि थबकली. याला पटेल? आणि पटलं, तर उद्या हा पुन्हा हे गाणं लावेल? आईचा संशय आता तिच्याही मनात शिरला होता.

मग कोल्टनचं प्रत्येक वाक्य ती पारखू लागली. मुलाखती फक्त फोनवर का? पोस्टरवर नुसती हॅट का? एक दिवस तिनं सरळ विचारलं.

"आधी आवाज पोचू दे," तो म्हणाला.

"म्हणजे मला बघितलं तर ऐकणार नाहीत?"

"मी तसं म्हटलं नाही."

पण 'ऐकतील' असंही तो म्हणाला नाही, हे तिच्या बरोबर लक्षात आलं.

गावाबाहेरच्या फेअरमध्ये कार्यक्रम ठरला, तेव्हा नीना हटून बसली. हॅट घालणार नाही, आडनावही खरंच सांगणार. कोल्टननं खूप समजावलं. ती ऐकेना.

भर दुपारी ती स्टेजवर आली, नाव सांगितलं आणि गायली. टाळ्या तुरळक पडल्या. लोक एकमेकांकडे बघत होते. पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "ही ती नव्हेच. रेकॉर्डिंग लावलंय!" कुजबुज मागपर्यंत गेली.

आपण लोकांना आवडणार नाही, ही नीनाची भीती. ते तर आपल्याला खोटंच समजतात, हे तिला सुचलंही नव्हतं. तिनं वादकांना थांबवलं, माईक ठेवला, खाली उतरली आणि त्या म्हातारीसमोर उभी राहून घोडीचं गाणं नुसत्या गळ्यानं म्हटलं. पहिल्या कडव्यात आवाज कापरा होता, दुसऱ्यात सावरला. म्हातारी टक लावून तिच्या ओठांकडे बघत राहिली. गाणं संपलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

नंतर म्हातारी सही घ्यायला आली. "या आवाजाची बाई मला वेगळीच वाटली होती," म्हणाली.

"माहितीय मला," नीना म्हणाली आणि सही केली. नीना साठे.

आल्बमची पुढची आवृत्ती त्याच नावानं, चेहऱ्यासकट निघाली. ती खपली. पण दोन रेडिओ स्टेशनांनी तिची गाणी कमी केली. "गाणी जुनी झाली गं आता," कोल्टन म्हणाला. खरं असेलही. कळायला मार्ग नव्हता.

"टाळ्या तर खऱ्या होत्या ना?" अनिलनं विचारलं.

"हो, बाबा. पण गाण्याला होत्या की त्यांना वाटलेल्या गिल्टला? आय डोन्ट नो."

टेक्ससच्या दौऱ्यावर वीणा तिच्याबरोबर गेली. लेक गात असताना ती गर्दीत मागे उभी राहून एकेका माणसाचा चेहरा निरखायची, याला गाणं खरंच आवडतंय का ते बघायला.