स्टार्टरवरच्या चपला
ब्लीचिंग पावडरचा वास आला की मला साकोलीकडच्या आमच्या विद्यापीठ केंद्रातलं जमिनीखालचं पाण्याचं टाकं आठवतं. देखभाल विभागातल्या आम्हा माणसांची एक रीत होती: टाकं धुवायला जो खाली उतरेल त्यानं आपल्या चपला मोटारीच्या स्टार्टरवर टांगायच्या, म्हणजे कोणी मोटार सुरू करत नसे. त्या दिवशी तपासणी समिती येणार होती. मी गुडघाभर पाण्यात उभा राहून भिंत घासत होतो, शेजारी पाण्यात बुडालेली मोटार, तिच्या केबलची चिकटपट्टी सुटलेली. वर टाक्याच्या तोंडाशी झाडझूड करणाऱ्या नव्या बाई वाकल्या. "भाऊ, तुमच्या चपला इथं आणून ठेवल्या. पाहुणे येऊन रायले, तिथं टांगलेल्या बरं नाही दिसत." मी खालून ओरडलो, "बाई, धावा! कोणाले स्टार्टरले हात लावू देऊ नका, पाण्यात करंट येईन!" त्या पळाल्या. शिडी शेवाळानं निसरडी झालेली, माझा पाय सारखा सटकत होता. कसाबसा दुसरा पाय पाण्याबाहेर काढला, आणि बाई स्टार्टरपाशी पोचायच्या आतच कोणीतरी बटण दाबलं; खाली मोटार घुमली. आता स्टार्टरला कुलूप असतं. तरी कुणाच्या दाराशी नीट जोडून ठेवलेल्या चपला दिसल्या, की माझे पाय शिडी शोधू लागतात.