कान्हूदादांची शनिवारची कॅसेट

रविवार आला की सरूच्या जिवाला घोर लागायचा. सोमवारी दहाला कंपनीत मीटिंग, आणि मीटिंगमध्ये स्टोअरचे कान्हूदादा. दुसऱ्याच्या नोकरीची काळजी हिनं कशाला करावी, असं तुम्ही म्हणाल. नवराही तेच म्हणायचा. पण ऐकेल ती सरू कसली!

हमरापूरची ही पोर. माहेरी सगळे गणपती रंगवणारे, हिनं मात्र पेणला कॉम्प्युटरचा क्लास केला. लग्न होऊन रोह्याजवळच्या वरसे गावात आली आणि सत्त्याण्णव साली रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर म्हणून चिकटली. नव्या साहेबांनी वह्या बंद करून मालाचा रिपोर्ट कॉम्प्युटरवर आणला होता. त्या रिपोर्टानंच कान्हूदादांचा घात केला.

बावीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस. काचबिंदूनं नजर पार अधू झालेली, तरी स्वतःच्या वहीत बोटाएवढं अक्षर काढून निभावत होता. प्रिंटरचं ते मुंगीएवढं इंग्रजी कुठून दिसायचं? रिपोर्ट उलटा धरून दादा मान डोलवत होते, ते एकदा सरूनं पाहिलं.

"कुणाला बोलू नको गो," दादा म्हणाले. "साहेब घरी बसवील. अजून सहा वर्षं हायत माझी."

मग सरूनंच तोड काढली. शनिवारी निघण्याआधी सगळा रिपोर्ट टेपरेकॉर्डरवर मराठीत वाचायचा आणि कॅसेट दादांच्या डब्याच्या पिशवीत टाकायची. पहिल्या वेळी मात्र तिनं क्लासमध्ये तपासायला शिकवलेलं, तसं रकान्यांतून खाली खाली वाचलं. आधी चाळीस मालांची नावं, मग आलेल्या मालाचे चाळीस आकडे, मग गेलेल्या मालाचे चाळीस. सोमवारी दादा रात्रभर न झोपल्यासारखे आले.

"अगो, नावं एकीकडं नि आकडे भलतीकडं. मी काय त्यांच्या गाठी मारत बसू? खळ्यावर मापारी भात मोजतो तो कसा? पहिल्या मापाला एक नाय म्हणत, लाभ म्हणतो. मग दोन, मग तीन. माप पडलं की आकडा तोंडातून पडलाच पायजे. तसं वाच. नाव घे नि तिथंच आकडा सांग."

सरूला स्वतःचीच लाज वाटली. शिकलेली मी, आणि एवढं कळू नये? त्या शनिवारपासून ती एकेक माल पुरता सांगून मगच दुसऱ्याकडे वळू लागली. कमी पडलेला माल सगळ्यात आधी. दादा आकडे पाठ करून यायचे आणि मीटिंगमध्ये कागदावर नजर ठेवून घडाघडा बोलायचे. पाच महिने कुणाला पत्ता लागला नाही.

आणि एका सोमवारी पावणेदहाला लॅबची चिठ्ठी आली. सोड्याची नऊ पोती नापास. सरूनं आकडा बदलला, नवा रिपोर्ट छापला, तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. कॅसेटवर चाळीस पोती, कागदावर एकतीस. ती तशीच उठली. धावत गेली, तर दादा साहेबांच्या शेजारी जाऊन बसलेले. कागद वाटण्यावाचून तिला इलाज उरला नाही.

"कान्हूराव, सोडा किती धरू?" साहेबांनी विचारलं.

दादांनी कागदावर नजर फिरवली. "चाळीस."

"दादा, एकतीस," सरू घाईनं म्हणाली. "आत्ताच बदललंय."

"बदललंय ते कागदावर आहेच की," साहेब म्हणाले. "कान्हूराव, तिसरी ओळ वाचा."

दादांचा अंगठा कागदावरून खाली सरकला, परत वर आला. सरूला वाटलं, आत्ता मी बोलले नाही तर हा माणूस इथंच मान खाली घालून उठून जाईल, आणि बोलले तर मीच त्याला घरी पाठवला असं होईल. तिला रडूच यायला लागलं.

"साहेब, त्यांना दिसत नाय," ती म्हणाली. "मी कॅसेटवर वाचून देते."

साहेब दादांकडे वळले. तेवढ्यात टेबलाच्या टोकाला पॅकिंगचा पुंडलिक खाकरला. "साहेब, मलापण हे बारीक दिसत नाय. दादा बोलतात त्यावर मी मान हलवतो." बॉयलरचा केरू म्हणाला, त्याला दिसतं सगळं, पण इंग्रजी कळत नाय.

"म्हणजे पाच महिने मी कुणाशी बोलत होतो?" साहेबांनी हातातला कागद खाली ठेवला. "सरू, मोठ्यानं वाच. मराठीत. आणि पुढच्या वेळेपासून अक्षर दुप्पट मोठं काढ."

सरूनं वाचलं. नावापासून आकडा तिनं कुठेच तुटू दिला नाही. वाचून झाल्यावर दादा उभे राहिले. "साहेब, माझ्या नोकरीचं काय ते सांगून टाका."

"बावीस वर्षांत तुमचं एक पोतं तरी हुकलंय?"

"नाय."

"मग बसा खाली. नोकरी आहे."

दादा बसले नाहीत. त्यांनी साहेबांचा कागद चाचपून उलटवला आणि त्याची कोरी बाजू पुढे सरकवली.

"तेवढं इथं लिवून द्या," ते म्हणाले. "मला वाचता येईल असं."